उणे चौतीस

बीजिंगहून लंडनला निघालेलं विमान थोड्याच वेळात मंगोलियावर येतं आणि त्यानंतर सैबेरिया काही संपता संपत नाही. १७ जानेवारी २००८च्या सकाळी ब्रिटिश एअरवेजचं ३८ क्रमांकाचं उड्डाण याच वाटेने निघालं. विमान बोइंग ७७७, इंजिनं रोल्स-रॉइसची ट्रेंट ८०० जातीची. १३६ प्रवासी, १६ कर्मचारी आणि टाक्यांमध्ये ७९ टन इंधन. कॉकपिटमध्ये कॅप्टन पीटर बर्किल, वरिष्ठ सहवैमानिक जॉन कॉवर्ड आणि लांबच्या पल्ल्यामुळे जोडीला दिलेले तिसरे वैमानिक कॉनर मॅजेनिस.

त्या दिवशी वाटेवरची हवा नेहमीपेक्षाही गार होती. उरल पर्वताच्या पलीकडे बाहेरचं तापमान उणे ७६ अंशांपर्यंत उतरेल असा अंदाज निघण्यापूर्वीच्या कागदांत होता. म्हणून वैमानिकांनी ठरवलं, इंधनाच्या तापमानावर नजर ठेवायची. ती त्यांनी इमानाने ठेवली. साडेदहा तासांच्या प्रवासात हा आकडा सर्वांत खाली गेला तो उणे ३४ वर. त्या इंधनाला मर्यादा होती उणे ४४ची. म्हणजे दहा अंश हातात राखून विमान युरोपात शिरलं. कुणाला काही वेगळं करावं लागलं नाही, वेग वाढवावा लागला नाही, उंची सोडावी लागली नाही. वैमानिकांच्या भाषेत बोलायचं तर कंटाळवाणं उड्डाण, आणि या धंद्यात कंटाळवाणं म्हणजे उत्तम.

हीथ्रोची धावपट्टी समोर दिसत असताना या विमानाच्या दोन्ही इंजिनांनी, सात सेकंदांच्या अंतराने, जोर देणं बंद केलं.

पुढे दोन वर्षं तपास चालला. त्यातून कळलं ते असं की वैमानिकांनी पाहिलेला आकडा बरोबर होता, त्यांची नजर बरोबर होती, मर्यादाही बरोबर होती. फक्त ती मर्यादा वेगळ्याच शत्रूसाठी आखलेली होती.

मर्यादा ज्याच्यासाठी आखली तो पहिला शत्रू म्हणजे मेण. आपल्याकडे डिसेंबरात खोबरेल तेलाची बाटली पांढरी पडली की ती उन्हात ठेवतात. विमानाचं इंधन म्हणजे नीट शुद्ध केलेलं रॉकेल, आणि गारठ्यात त्याची तऱ्हा अशीच. पाणी जसं ठरावीक अंशाला टणक होतं तसं ते गोठत नाही. त्यातले मेणट घटक आधी कणाकणाने वेगळे होतात, मग इंधन गढूळ होतं, आणखी गारठलं की पंपाला ओढवत नाही. प्रयोगशाळेत त्याचा गोठणबिंदू काढतात तोही उलट्या बाजूने. इंधन आधी मेणाचे कण दिसेपर्यंत गार करायचं, मग हळूहळू ऊब द्यायची आणि शेवटचा कण विरघळतो तो अंश लिहून घ्यायचा.

हा अंश किती असावा, यावर गेली ऐंशी वर्षं तेलवाले आणि विमानवाले घासाघीस करत आले आहेत. ब्रिटनमध्ये सुरुवातीची जेट इंजिनं रॉकेलवर चालली त्यामागे फार मोठं शास्त्र नव्हतं. युद्धकाळात पेट्रोलची चणचण होती आणि दिव्यात घालायचं रॉकेल त्या मानाने मिळत होतं. अमेरिकी लष्कराने १९४४ मध्ये जेपी-१ नावाचं इंधन ठरवलं, त्याचा गोठणबिंदू होता उणे ६०. कागदावर झकास. पण इतक्या कडक अटीत बसणारं रॉकेल एका पिंप कच्च्या तेलातून निघतं थोडं, आणि लष्कराला तर ते समुद्रासारखं हवं होतं. म्हणून अटी सैल होत गेल्या. प्रवासी विमानांसाठी पुढे दोन वाण रुळले. अमेरिकेत जेट ए, गोठणबिंदू उणे ४०. बाकी बहुतेक जगात जेट ए-१. त्याची अट आधी उणे ५० होती, १९७०च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर ती उणे ४७ वर आणली गेली. तीन अंशांची ही सवलत ऐकायला किरकोळ वाटते. रिफायनरीच्या हिशोबात मात्र एकेक अंश म्हणजे जास्तीचं इंधन आणि जास्तीचा पैसा.

आकाशातल्या वाटा तेवढ्यात उत्तरेकडे सरकत होत्या. स्कँडिनेव्हियन एअरलाइन्सने १५ नोव्हेंबर १९५४ला कोपनहेगनहून लॉस एंजेलिसला ध्रुवप्रदेशावरून नियमित सेवा सुरू केली; वाटेत ग्रीनलंड आणि विनिपेगला थांबे. ती डीसी-६बी जातीची, पंख्यावर आणि पेट्रोलवर चालणारी विमानं. जेटइतकी उंच उडत नसत, त्यामुळे इंधनाच्या गारठ्याची त्यांना फारशी झळ नव्हती. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश बहुतेक पाश्चात्त्य कंपन्यांना मोकळं नव्हतं, म्हणून युरोपातून जपानला जाणारी बरीच विमानं अलास्कातल्या अँकरेजला वळसा घालत. सोव्हिएत संघ मोडल्यावर रशियाने आकाश उघडलं, अर्थात पैसे घेऊन. १९९०च्या दशकाच्या अखेरीस ध्रुवावरून आरपार जाणाऱ्या वाटांची चाचणी झाली, २००१ मध्ये त्या रीतसर खुल्या झाल्या. त्याच वर्षी अमेरिकेच्या विमान प्रशासनाने ७८ अंश उत्तर अक्षांशाच्या वर जाणाऱ्या कंपन्यांना घातलेल्या अटींत एक अट इंधन गोठण्याबद्दलची होती: नजर कशी ठेवणार आणि वेळ आली तर काय करणार, ते आधी लिहून द्या.

काय करता येतं? फार काही नाही. मोठ्या विमानाच्या पंखातली इंधनाची टाकी म्हणजे आत बसवलेलं वेगळं भांडं नसतं. पंखाचा पत्रा हीच टाकीची भिंत. पत्र्याच्या एका बाजूला इंधन, दुसऱ्या बाजूला सैबेरिया. बचाव एवढाच की ताशी नऊशे किलोमीटरने जाणाऱ्या विमानापुढे हवा दाबली जाते आणि दाबली की तापते. बाहेर उणे ६५ असेल तर पंखाला भिडणारी हवा उणे ३६च्या आसपास असते. इंधन तास-दर-तास त्या आकड्याकडे घसरत जातं. म्हणून पहिला उपाय वेग वाढवण्याचा. पण मॅक ०.०१ एवढा वेग वाढवला तर ऊब मिळते जेमतेम अर्धा-पाऊण अंश, आणि जास्तीचं इंधन जळतं ते वेगळंच. दुसरा उपाय खाली उतरून उबदार हवेत जाण्याचा. यातही गंमत आहे: ध्रुवाजवळ हवेचे थर असे काही रचलेले असतात की कधी कधी वर गेल्यावरच हवा उबदार लागते. तिसरा उपाय, गारठ्याचा पट्टा सोडून वळसा घालायचा.

यातला कुठलाही उपाय लगेच लागू पडत नाही. टाक्यांत टनावारी इंधन. ते गार होतं साधारण तासाला तीन अंशांनी, आणि काही उपाय केला तर त्याचा परिणाम आकड्यात दिसायला पाव तासापासून तासभर लागतो. नियम सांगतो की इंधनाचं तापमान त्याच्या गोठणबिंदूच्या वर किमान तीन अंश राहिलं पाहिजे. म्हणून जेट ए-१ला मर्यादा उणे ४४, जेट एला उणे ३७. वैमानिक ती मर्यादा येण्याची वाट पाहत नाही. दोन तास आधीच, पुढची हवा कशी आहे ते पाहून, आपण तिथे पोहोचणार का याचा अंदाज बांधतो. बर्किल आणि कॉवर्ड यांनी त्या दिवशी नेमकं हेच केलं होतं.

दुसरा शत्रू पाणी. हा शत्रूही अनोळखी नव्हता. इंधन कितीही गाळलं तरी त्यात थोडं पाणी विरघळलेलं राहतंच. शिवाय टाकी रिकामी होत जाते तशी बाहेरची हवा आत येते आणि आपला दमटपणा घेऊन येते. इंधन गारठलं की पाणी धरून ठेवायची त्याची ताकद कमी होते, मग पाणी बारीक थेंबांनी सुटतं आणि थेंबांचं बर्फ होतं. १९५८ मध्ये अमेरिकी हवाई दलाचं एक बी-५२ बॉम्बफेकी विमान पडलं, त्याचं खापर इंधनातल्या बर्फावर फुटलं. त्यानंतर लष्कराने इंधनातच बर्फरोधक द्रव्य मिसळायला सुरुवात केली. प्रवासी विमानांनी दुसरी वाट धरली: इंजिनाच्या तोंडाशी इंधन तापवायचं.

ही तापवण्याची युक्ती मोठी देखणी आहे. इंजिनात वंगणाचं तेल फिरतं, ते इतकं तापतं की त्याला थंड करावं लागतं. इंधन गार येतं, त्याला ऊब हवी असते. दोघांना एका पेटीत जवळ आणायचं. ट्रेंट ८००च्या या हीट एक्स्चेंजरमध्ये हजाराहून जास्त बारीक नळ्या उभ्या असतात. नळ्यांच्या आतून इंधन जातं, बाहेरून गरम तेल वाहतं. एकाचा ताप ती दुसऱ्याची ऊब. इंधनासोबत बर्फाचे कण आले तर इथे वितळून पुढे जायचे. या नळ्यांची वरची तोंडं ज्या पत्र्यात बसवली होती त्या पत्र्याच्या वर ती जराशी, काही मिलिमीटर, निघालेली होती. हे लक्षात असू द्या.

नियमही होता. विमानाची इंधनव्यवस्था अशी हवी की २७ अंश सेल्सियसला पाण्याने तृप्त केलेलं, वर गॅलनमागे ०.७५ घन सेंटीमीटर सुटं पाणी मिसळलेलं इंधन बर्फ होण्याच्या सर्वांत वाईट तापमानापर्यंत गार केलं तरी ती चालली पाहिजे. कडक नियम, आणि ७७७ त्यात उत्तीर्ण. पण त्या नियमाने एक गोष्ट गृहीत धरलेली होती: बर्फ इंधनासोबत थोडं थोडं, सतत येत राहील. ते वाटेत कुठे साठून राहील आणि मग सगळं एकदम सुटेल, हे कुणी विचारलंच नव्हतं.

हीथ्रोवर दुपारची वेळ. पावणेएकला पाचेक मिनिटं कमी. विमान दक्षिणेकडच्या धावपट्टीकडे ऑटोपायलटवर उतरत होतं आणि ठरल्याप्रमाणे आठशे फुटांच्या खाली आल्यावर कॉवर्ड यांनी ताबा घेतला. वारा झोतांचा होता, त्यामुळे वेग कमी-जास्त होत होता आणि स्वयंचलित थ्रॉटल त्या मानाने जोर मागत, सोडत होतं. ७२० फुटांवर त्याने पुन्हा जोर मागितला. उजव्या इंजिनाने तो थोडा दिला आणि मग ते ढिलं पडलं. सात सेकंदांनी डावंही. इंजिनं बंद पडली नव्हती, हे महत्त्वाचं. ती फिरत होती, पण रिकाम्या चालीपेक्षा थोडीच वर. संगणकाने इंधनाच्या झडपा पूर्ण उघडल्या होत्या. पुरेसं इंधन येत नव्हतं.

वेग १३५ नॉट हवा होता. अजून चालूच असलेला ऑटोपायलट उतरणीची रेघ सोडायला तयार नव्हता, म्हणून तो नाक वर करत राहिला आणि वेग आणखी पडत राहिला. जमीन २०० फुटांवर आली तेव्हा वेग १०८ नॉट. विमान आता उडण्याऐवजी पडण्याच्या बेतात होतं. पुढे रस्ता, कुंपण आणि कुंपणाच्या आत धावपट्टीच्या टोकाला उभे असलेले दिशादर्शक अँटेना. बर्किल यांनी अशा वेळी कुठल्याही तक्त्यात न लिहिलेली गोष्ट केली. पंखांचे फ्लॅप उतरण्यासाठी ३० अंशांवर होते, ते त्यांनी २५ वर आणले. फ्लॅप कमी केले की पंखाची धरून ठेवण्याची ताकद घटते, पण हवेचा अडसरही घटतो. जमिनीच्या इतकं जवळ असताना हा सौदा करायला कुणी शिकवत नाही.

मेडेचा संदेश गेला त्यात उड्डाणाचा क्रमांक ३८ ऐवजी ९५ असा गेला. प्रवाशांना सावध करायला वेळच मिळाला नाही; कित्येकांना वाटलं विमान जरा जोरात टेकलं एवढंच. विमान टेकलं ते धावपट्टीच्या फरसबंदीच्या ३३० मीटर अलीकडे, कुंपणापासून आत ११० मीटरवर, गवतात. नाकाचं चाक मोडलं, उजवीकडचा चाकांचा संच तुटून बाजूला गेला, डावीकडचा पंखातून वर घुसला. गवत खणत ३७२ मीटर घसरत ते फरसबंदीच्या तोंडाशी थांबलं. विमान रिकामं करा, हा बर्किल यांचा पहिला हुकूम प्रवाशांऐवजी कंट्रोल टॉवरला ऐकू गेला. टॉवरने सांगितल्यावर त्यांनी तो पुन्हा दिला. इंधन गळत होतं पण पेटलं नाही. ४७ जण जखमी, त्यांतला एकच गंभीर, पाय मोडलेला. सगळेच्या सगळे १५२ जण जिवंत बाहेर आले. ७७७ जातीचं विमान कायमचं मोडीत निघण्याची ही पहिलीच वेळ.

तर्कांना ऊत आला नसता तर नवल. योगायोग असा की पंतप्रधान गॉर्डन ब्राउन त्याच वेळी चीन आणि भारताच्या दौऱ्यावर निघायला हीथ्रोवर आले होते. मग त्यांच्या ताफ्यातल्या बाँब निकामी करणाऱ्या रेडिओ यंत्रांनी विमानाचे संगणक बिघडवले, अशी कथा निघाली. इंधन संपलं, पक्षी आले, संगणकाची आज्ञावली फसली, असंही म्हणून झालं. ब्रिटनच्या हवाई अपघात तपास शाखेने एकेक गोष्ट बाजूला सारली. टाक्यांत दहा टनांवर इंधन शिल्लक होतं. रेडिओचा मागमूस नव्हता. संगणकाने जे करायला हवं ते केलं होतं. मेण? इंधनाचा नमुना तपासला तर त्याचा गोठणबिंदू उणे ५७ निघाला, अटीपेक्षा दहा अंश सरस. उणे ३४ वर त्यात मेणाचा कण होणं शक्य नव्हतं.

टाकीत सापडलं काय, तर डिंक खरवडायची एक लाल प्लॅस्टिकची पट्टी, बहुधा विमान बनवतानाच राहून गेलेली. काळ्या चिकटपट्टीचा तुकडा, कागदाचा एक कपटा. यांतल्या कशानेही दोन वेगवेगळ्या पंखांखालची दोन इंजिनं सात सेकंदांच्या अंतराने अडली नसती. मला या तपासात सर्वांत आवडतो तो हा भाग: एवढ्या गाजलेल्या अपघातात हातात येतो कागदाचा कपटा, आणि माणसं त्यालाही प्रामाणिकपणे नोंदवून बाजूला ठेवतात.

खरा दुवा होता इंधनाच्या दोन्ही उच्चदाब पंपांमध्ये. आतल्या धातूवर ताजे ओरखडे होते, पंपाला पुरेसं इंधन न मिळता तो ओढत राहिला की उठतात तसे. म्हणजे अडथळा पंपाच्या आधी कुठेतरी आणि तो दोन्हीकडे. पण नळ्या मोकळ्या, गाळण्या मोकळ्या. अडथळा स्वतःच नाहीसा झाला होता. असा अडथळा एकच असू शकतो. मात्र वितळून गेलेल्या पुराव्यावर अहवाल लिहायचा कसा?

म्हणून अमेरिकेत बोइंगकडे विमानाच्या इंधनव्यवस्थेची प्रतिकृती उभी करून इंधन गोठवायला, त्यात पाणी सोडायला आणि वाट पाहायला सुरुवात झाली. बर्फ जणू हट्टाने कधी होई, कधी नाही. आज जमलेला प्रयोग उद्या जमेना. तरी हळूहळू त्याचा स्वभाव कळला. अगदी गारठलेल्या इंधनात बर्फाचे कण कोरडे असतात, एकमेकांना आणि नळीला फारसे चिकटत नाहीत. उणे ५ ते उणे २० या पट्ट्यात मात्र ते चिकट होतात आणि उणे १२च्या आसपास सर्वांत जास्त. म्हणजे धोक्याचा पट्टा वैमानिकाच्या मर्यादेच्या जवळ नव्हताच. तो तिच्यापासून वर, उबदार बाजूला होता. आकड्याकडे पाहून माणूस निश्चिंत व्हावा अशाच जागी.

उरलेली गोष्ट इंधनाच्या वाहण्याची. लाखाहून जास्त उड्डाणांच्या नोंदी चाळल्या तेव्हा दिसलं की ३८ क्रमांकाचं उड्डाण एका बाबतीत वेगळं होतं. वर चढून स्थिरावल्यावर पुढचे तासन्‌तास इंजिनांना इंधन संथ, एकसारखं जात राहिलं. ताशी नऊ हजार पौंडांच्या पुढे ते गेलं नाही. मध्ये उंची वाढवली तीही हळुवार, जोर न लावता. इंधन वाचवणारं, प्रवाशांच्या पेल्यातलं पाणी न हलवणारं उड्डाण. आणि त्या संथपणामुळेच नळ्यांच्या आत बर्फाचा मऊ थर निवांत साठत गेला. शेवटी हीथ्रोवर जोर हवा होता तेव्हा प्रवाह एकदम ताशी बारा हजारांवर गेला. तोवर खालच्या उबदार हवेने थरही सैल केला होता. तो सुटला आणि हीट एक्स्चेंजरच्या तोंडावर जाऊन बसला. नळ्यांची ती जराशी वर आलेली टोकं बर्फाला धरायला अगदी सोयीची होती. तापवण्याची पेटी पुरेशी गरम होती, पण वितळवायला वेळ लागतो, आणि एवढं बर्फ एका दमात येईल अशी तिची घडण नव्हती. यासाठी फार पाणी लागतं असंही नाही. विमानातल्या सगळ्या ७९ टन इंधनात मिळून पाण्याचा अंदाज पाच लिटरचा होता. चाचण्यांत पेलाभरही नसलेल्या पाण्याचं बर्फ इंजिनाला अडवायला पुरेसं ठरलं.

हे सगळं पटायला आणखी एक घटना घडावी लागली, आणि ती त्याच वर्षी घडली. २६ नोव्हेंबर २००८ला डेल्टा एअर लाइन्सचं शांघायहून अटलांटाला जाणारं ७७७, तीच इंजिनं, मोंटाना राज्यावर ३९ हजार फुटांवर असताना त्याचं उजवं इंजिन असंच ढिलं पडलं. फरक असा की इथे खाली सहा-सात मैल मोकळी हवा होती आणि दुसरं इंजिन शाबूत होतं. शिवाय सप्टेंबरमधल्या अंतरिम अहवालानंतर वैमानिकांसाठी नव्या सूचना निघाल्या होत्या. गारठलेल्या इंधनावर बराच वेळ गेला असेल तर उतरायला लागण्यापूर्वी काही सेकंद पूर्ण जोर द्यायचा, म्हणजे बर्फ साठण्याआधीच थोडं थोडं निघून जाईल. आणि इंजिन ढिलं पडलंच तर थ्रॉटल पुढे ढकलायचं नाही. उलट मागे ओढून अर्धा मिनिट रिकाम्या चालीवर ठेवायचं. जोर कमी पडतोय तर आणखी कमी करा, हे वैमानिकाच्या हाताला न पटणारं औषध. पण कारण साधं: प्रवाह कमी केला की गरम तेलाला बर्फ वितळवायला फुरसत मिळते. डेल्टाच्या वैमानिकांनी थ्रॉटल मागे ओढलं, इंजिन ताळ्यावर आलं, विमान अटलांटाला पोहोचलं.

मार्च २००९ मध्ये अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने तातडीची शिफारस केली की वैमानिकांच्या सवयींवर विसंबू नका, ती पेटीच बदला. रोल्स-रॉइसने बदलली. नव्या रचनेत नळ्यांची तोंडं पत्र्याच्या पातळीत आणली. बर्फाला धरायला काही उरलं नाही. २०११ उजाडेपर्यंत हे काम उरकायचं, असा युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेचा हुकूम होता. ब्रिटिश तपासाचा अंतिम अहवाल ९ फेब्रुवारी २०१०ला आला, त्यात एकूण १८ शिफारशी. वितळलेल्या बर्फाचा थेट पुरावा कुणाकडेच नव्हता, त्यामुळे अहवालाची भाषा शेवटपर्यंत जपून आहे.

बर्किल यांच्या फ्लॅपचा हिशोबही त्यात आहे. ३० वरून २५ केल्याने विमान सुमारे ५० मीटर पुढे जाऊन टेकलं आणि ते अँटेना टळले. हा निर्वाळा यायला दोन वर्षं लागली आणि तेवढ्यात त्यांचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं. पहिल्या आठवड्यात वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. मग सहकाऱ्यांत कुजबुज सुरू झाली की हा माणूस ऐन वेळी गोठून गेला. पत्नीसोबत लिहिलेल्या पुस्तकात त्यांनी त्या दिवसांबद्दल सविस्तर लिहिलं आहे. २००९ मध्ये त्यांनी कंपनी सोडली, दुसरीकडे काम मिळेना, आणि अहवाल आला त्या २०१० सालीच ते पुन्हा ब्रिटिश एअरवेजमध्ये रुजू झाले. माझ्या मते त्या कॉकपिटमधल्या तिघांचं खरं श्रेय फ्लॅपपुरतं नाही. पूर्ण निरोगी दिसणाऱ्या विमानाने दगा दिल्यावर मिनिटभराच्या आत दगा कुठे बसलाय हे शोधायच्या फंदात न पडता त्यांनी हाताशी असलेल्या उंचीचा आणि वेगाचा व्यवहार केला.

भारतीय विमानं ध्रुवावरून जायला लागली ती या सगळ्यानंतर. १५ ऑगस्ट २०१९ला एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान उत्तर ध्रुवावरून गेलं. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्को–बेंगळुरू हे पहिलं उड्डाण त्याच बाजूने आणलं. दोन्ही वेळा विमान ७७७चंच, लांब पल्ल्याचं. इंजिनं मात्र जनरल इलेक्ट्रिकची, त्यांच्या इंधन तापवण्याच्या पेटीची घडण वेगळी. त्यामुळे हीथ्रोच्या बर्फाची भीती त्यांना त्या रूपात नाही. मेणाची आहेच. आणि त्यात या वाटेची एक खोच आहे. दिल्लीत टाकी भरते जेट ए-१ने, मर्यादा उणे ४४. परतताना सॅन फ्रान्सिस्कोत मिळतं अमेरिकी जेट ए, मर्यादा उणे ३७. टाकीत दोन्हींची मिसळ असली तर सहसा हाच, आधी गोठणारा आकडा धरायचा. वाट तीच, समुद्रही तोच, पण येताना हातात सात अंश कमी. म्हणून हिवाळ्यात परतीचा आराखडा करणारा माणूस वाऱ्याच्या आधी गारठ्याचा नकाशा उघडतो, आणि गरज पडली तर वाट थोडी दक्षिणेला ओढून जास्तीचं टन-दोन टन इंधन भरून घेतो.